बागेत कॉकटेल आहे!

आमच्या सोसायटीच्या बागेत पक्षी पुष्कळ येतात, असं मी म्हटलं की निम्मी माणसं विचारतात, "कुठे?" उरलेली निम्मी म्हणतात, "कबुतरं ना? जाळी बसवून घ्या." कोथरूडच्या या जुन्या सोसायटीत बिल्डरच्या नजरचुकीनं थोडीशी जागा मोकळी राहिली, तिला आम्ही बाग म्हणतो. त्या बागेत एक सोनमोहर आहे, एक कडुलिंब आहे आणि कुणीही न लावता कंपाउंडच्या भिंतीतून आलेला, आता ती भिंतच पाडायला निघालेला एक उंबर आहे. सोनमोहराच्या वाळक्या फांदीवर तांबट बसतो आणि सकाळपासून टुक-टुक-टुक करत राहतो. सी विंगमधल्या एका गृहस्थांना कितीतरी महिने वाटत होतं की वर कुणाकडे तरी टाइल्सचं काम चालू आहे. दुपारच्या वेळी ठोकाठोक बंद ठेवावी, असा लेखी अर्ज त्यांनी कमिटीला दिला आणि कमिटीनं तो 'पुढील कार्यवाहीसाठी' फायलीला लावलाही. शिंप्यानं पान वाकवून, टाके घालून, आत कापूस भरून घरटं शिवलं, ते माळ्यानं 'कीड लागलीये' म्हणून फांदीसकट छाटलं. उंबर पिकला की हरियालांचा थवा येतो. हरियाल म्हणजे महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिवळे पाय, हिरवट अंग, खांद्यावर जांभळी छटा. पण बरोबर ताफा नाही, सायरन नाही. त्यामुळे राज्यपक्षी येतो, उंबरं खातो, खाली लावलेल्या गाड्यांवर आपली नोंद ठेवतो आणि जातो. मान वर करून कुणी पाहत नाही. गाडी पुसताना मात्र कबुतरांच्या नावानं शिव्या दिल्या जातात.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे, शहरातल्या माणसाला पक्षी दिसत नाही हे माझं मत एका रविवारी साफ खोटं ठरलं. दिसतो. चांगला दिसतो. फक्त त्या पक्ष्याला कुणीतरी मालक असावा लागतो.

त्या रविवारी दुपारी चहाच्या सुमाराला सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला: 'बागेत कॉकटेल आहे. ज्यांचे असेल त्यांनी त्वरित यावे.' सेक्रेटरींनी 'कॉकटील' असंच लिहिलं होतं, असं ते आजही शपथेवर सांगतात. बाकीचं त्यांच्या फोननं केलं. पण त्या एका मेसेजवर बागेत जेवढी माणसं जमली, तेवढी कधी झेंडावंदनालाही जमत नाहीत. काही जण येताना फरसाण घेऊन आले होते. पहिल्या मजल्यावरच्या काकू मात्र कंबर खोचून, भांडायच्याच तयारीनं उतरल्या. चातुर्मासात, बागेत, लहान मुलांसमोर हे काय चालवलंय, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांना वर बोट दाखवावं लागलं.

वर सोनमोहराच्या फांदीवर तो बसला होता. राखाडी अंग, पंखाच्या कडेला पांढरा पट्टा, लांब निमुळती शेपटी. चेहरा पिवळाधमक आणि दोन्ही गालांवर नारिंगी गोल. बालनाट्यात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलाला घाईघाईत लाली फासावी तसे. डोक्यावर चार-पाच पिसांचा तुरा. हा तुरा म्हणजे कॉकटीलचा मनःस्थितीदर्शक काटा असतो. स्वारी निवांत असली की तो किंचित मागे कललेला, रागावली की डोक्याला चपट बसलेला आणि घाबरली की सरळ उभा. आत्ता तो असा ताठ उभा होता की त्याच्यावर झेंडा लावता आला असता. उजव्या पायात एक बारीक कडी चमकत होती.

"लव्हबर्ड आहे," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. पिंजऱ्यात मावणाऱ्या आणि पोपटाहून वेगळ्या दिसणाऱ्या प्रत्येक पक्ष्याला आपल्याकडे लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. आपण दुकानात 'लव्हबर्डची जोडी' म्हणून विकत घेतो ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाचे बजरिगर असतात, आणि ती जोडी म्हणजे कित्येकदा दोन नर निघतात. मग सहा महिने माणसं अंड्यांची वाट पाहतात.

"काकाकुवा आहे तो," बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण ते वर न बघताच बोलले होते आणि त्यांना सगळेच पक्षी काकाकुवा वाटतात असा लौकिक होता. पण त्यांचं उत्तर खरं होतं. कॉकटील हा काकाकुवाच्याच कुळातला, त्या घराण्यातला सगळ्यात धाकटा. बरेच भाऊबंद पांढरेशुभ्र आणि भरदार. हा उणापुरा शंभरेक ग्रॅमचा. एफ विंगमध्ये राहणारा, इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा होता. त्यानं पूर्वी बजरिगर पाळले होते, म्हणून तासाभरापुरता तो आमचा पक्षितज्ज्ञ झाला. त्यानंही हे मान्य केलं. आजोबांनी मग 'मी काय म्हणत होतो' एवढंच म्हटलं आणि पुन्हा पेपर उघडला.

पक्षी पोपटाच्या जातीचा आहे हे ठरताच उपाय सुरू झाले. मराठी माणसाला पोपटाबद्दल दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक असतात: तो मिठू-मिठू म्हणतो आणि मिरची खातो. पाच मिनिटांत बागेत पावशेर हिरव्या मिरच्या जमल्या. कुणी काठीला बांधून वर धरल्या, कुणी बाकावर मांडल्या. एका उत्साही बाईंनी लिंबू-मिरचीच आणून फांदीला अडकवली. वरून तो पक्षी हा बाजार बघत होता आणि सगळे मिळून खालून 'मिठू मिठू' करत होते. तज्ज्ञ मुलानं सांगून पाहिलं की हा गवताचं बी, बाजरी, राळा असलं कोरडं धान्य खाणारा प्राणी आहे, मिरचीशी याचं काही देणंघेणं नाही आणि याला मिठू म्हणणं म्हणजे सिडनीच्या माणसाला कानडीत हाक मारण्यासारखं आहे. पण तोवर कुणीतरी आणलेले पेरूही चिरून झाले होते. ते मुलांनी खाल्ले.

मग झेला आला. ए विंगमधल्या एका गृहस्थांची कोकणात कलमं आहेत. लांब बांबू, टोकाला जाळी, देठासकट आंबा तोडायला पातं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं सुधारून काढलेला 'नूतन झेला'. आंबा खाली पडून आपटू नये, देठ राहावा, चीक फळाला लागू नये, असा सगळा विचार त्यात केलेला आहे. फळ उडून जाईल हा विचार मात्र विद्यापीठानं केलेला नाही. झेला फांदीपाशी पोहोचला तेव्हा पक्षी कडुलिंबावर होता. झेला कडुलिंबाकडे वळला तेव्हा तो परत सोनमोहरावर, आधीपेक्षा दीड मजला वर. ते गृहस्थ बांबू सावरत, मागे मागे सरकत गुलाबाच्या आळ्यात जाऊन बसले. तेवढ्या वेळात त्यांनी दोन गुलाब, एक ट्यूबलाइट आणि सी विंगच्या एका गॅलरीतला वाळत घातलेला टॉवेल, असं मात्र अचूक देठासकट उतरवलं.

कुणीतरी अग्निशमन दलाला फोन लावला. पुण्यात मांज्यात अडकलेले पक्षी ही मंडळी नेहमी सोडवतात, त्यामुळे कल्पना अगदीच वेडी नव्हती. फोन स्पीकरवर होता.

"झाडावर पक्षी आहे."

"अडकलाय का?"

"नाही, सुटलाय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तिकडचा माणूस अतिशय सभ्यपणे म्हणाला, "साहेब, अडकला की सांगा."

खरं तर तो अडकलाच होता. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी घाबरला की वर उडतो, कारण वर जाणं उपजत येतं. पण उंचावरून तिरपं खाली येणं, वाऱ्याचा अंदाज घेणं, फांदी हेरून उतरणं ही शिकायची गोष्ट आहे आणि बैठकीच्या खोलीत ती शिकायला मिळत नाही. पडद्याच्या दांडीवरून सोफ्यावर येणं वेगळं आणि सोनमोहराच्या शेंड्यावरून जमिनीवर येणं वेगळं. म्हणून असले पक्षी मालकाची हाक ऐकतात, उत्तरही देतात, पण खाली येत नाहीत. लोकांना वाटतं शेफारलाय. आम्हाला तज्ज्ञ मुलानं हे सगळं नीट समजावून सांगितलं. दगड मारू नका, झाड हलवू नका, आरडाओरडा नको; पिंजरा, दाणे, ओळखीचा आवाज आणि संध्याकाळची भूक, एवढ्यावर तो येतो. सर्वांनी माना डोलावल्या. लगेच सेक्रेटरींनी माळ्याला झाड हलवायला सांगितलं.

ओळखीचा आवाज म्हणून मुलानं यूट्यूबवर कॉकटीलची शीळ लावली आणि फोन उंच धरला. हा उपाय खरोखर लागू पडला. पक्ष्यानं मान तिरकी केली, तुरा थोडा खाली आला, तो एक फांदी उतरला, दुसरी उतरला. बागेत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि ऐन क्षणी शीळ थांबून गृहकर्जाची जाहिरात लागली. अत्यंत आकर्षक व्याजदर. पक्षी सगळ्या फांद्या सोडून पार शेंड्यावर गेला. कर्जाला घाबरणारा जीव पुण्यात विरळाच.

एव्हाना गर्दीत दोन पक्ष पडले होते. आमच्याकडे तीन माणसं जमली तरी ते होतं. इथे तर तीसेक होती. एक पकडापकडवाले आणि दुसरे मोकळीकवाले. मोकळीकवाल्यांचं नेतृत्व एका निवृत्त प्राध्यापकांकडे आपोआप गेलं. ज्यानं एकदा आकाश पाहिलं त्याला पुन्हा गजाआड घालण्याचा अधिकार कुणाला आहे, असा त्यांचा सवाल होता. आवाज चांगला होता, मुद्दाही वरवर बरा होता. पण हा प्राणी कधी ऑस्ट्रेलियात नव्हताच. कित्येक पिढ्या पिंजऱ्यात निघालेल्या कुळातला, कुठल्या तरी ब्रीडरकडे अंड्यातून बाहेर आलेला. पायातली ती कडी त्याच्या पिल्लूपणीच घातलेली, मोठेपणी ती घालता येत नाही आणि निघतही नाही. कोथरूडच्या आकाशात त्याला दाणा कुठे मिळतो हे ठाऊक नाही आणि आपल्याला कोण खातं हेही ठाऊक नाही. मुलगा हे सांगत असतानाच चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून हाक आली, "अहो, बीपीची गोळी राहिलीये, वर या आधी!" मुक्तीचा प्रश्न अर्धवट टाकून प्राध्यापक वर गेले. गोळी घेऊन परत आले तेव्हा आवाज थोडा उतरला होता.

बी विंगमधल्या वकीलसाहेबांनी कायद्याची बाजू मांडली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपला देशी पोपट, तो राघू किंवा मिठू जे काय म्हणता तो, घरात पाळणं गुन्हा आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं सगळं गुन्हा. वकीलसाहेब 'तुरुंगवास' या शब्दापर्यंत आले तेव्हा 'गॅसवर दूध ठेवलंय' म्हणून एक बाई घाईनं निघून गेल्या. त्यांच्या मागच्या गॅलरीत चादर झाकलेलं काहीतरी टांगलेलं असतं आणि ते रोज सकाळी 'आई, चहा' म्हणतं, हे आम्हा सर्वांना माहीत आहे. हा समोरचा पक्षी मात्र परदेशी, त्यामुळे ठेवायला मोकळीक. जगभरातल्या जवळजवळ सगळ्या पोपटांच्या व्यापारावर 'साइट्स' कराराचं लक्ष असतं. त्यातून ज्या चार जाती वगळल्या आहेत त्यांत कॉकटील आहे, बजरिगर आहे, लव्हबर्डांपैकी एक आहे आणि चौथा, गंमत म्हणजे, आपला देशी पोपटच आहे. म्हणजे करारात ज्याला सूट, त्याला आपल्या घरात बंदी.

हा देशी पोपट सुटून काय करतो ते पाहायचं असेल तर लंडनला जावं. तिथल्या बागांत आपले पोपट हजारोंनी आहेत. ते पाळलेल्यांपैकीच सुटलेले, तिकडच्या थंडीत टिकलेले आणि कायमचे राहिलेले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली आणि त्यातून हा वंशविस्तार झाला, अशी लंडनकरांची आवडती आख्यायिका. 'द आफ्रिकन क्वीन' या १९५१ च्या सिनेमाच्या सेटवरून ते पळाले, ही दुसरी. २०१९ मध्ये तिथल्या संशोधकांनी, पोलीस मालिका-गुन्हेगाराचा ठिकाणा शोधायला वापरतात ती पद्धत या पोपटांना लावली आणि दोन्ही कथा निकालात काढल्या. एक जोडी, एक जागा असं काही सापडलं नाही. लोकांच्या घरांतून ठिकठिकाणी, वर्षानुवर्षं पक्षी सुटत राहिले होते. १९२९-३० साली पोपटांपासून होणाऱ्या तापाची घबराट पसरली तेव्हा तर लोकांनी स्वतःहून खिडक्या उघडल्या असतील. ब्रुसेल्समध्ये १९७४ साली एका करमणूक-बागेच्या मालकानं शहर जरा रंगीत व्हावं म्हणून मुद्दाम पोपट सोडले. शहर रंगीत झालं, आणि आवाजीही. आमच्या ए विंगमधल्या एका काकांचा मुलगा लंडनमधल्या किंग्स्टनला असतो. "त्याच्या मागच्या अंगणात रोज आपले पोपट येतात," काका अभिमानानं सांगत होते. आमच्या सोनमोहरावर रोज येणारे पोपट मात्र काकांनी पाहिलेले नाहीत.

या सगळ्या गडबडीत एक माणूस स्थितप्रज्ञासारखा उभा होता. जी विंगमध्ये राहणारे, हातभर लांबीची लेन्स लावून पहाटे बाहेर पडणारे, खाकी टोपीचे पक्षिनिरीक्षक. सेक्रेटरी धावत त्यांच्याकडे गेले. आज तुमचाच दिवस आहे म्हणाले.

"मोजत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एस्केपी आहे."

पक्षिनिरीक्षकांच्या जगात ई-बर्ड नावाची मोठी वही आहे. जगभरातली माणसं आपण पाहिलेले पक्षी तिच्यात नोंदवतात. पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी तिथे नोंदवता येतो, पण त्यावर 'एस्केपी' असा शिक्का बसतो आणि तो एकूण बेरजेत धरला जात नाही. म्हणजे त्या क्षणी आमच्या बागेत बघण्यासारखे म्हणाल तर तांबट होता, शिंजिराची जोडी होती, बुलबुल होते, दयाळ होता आणि सोसायटीतली झाडून सगळी माणसं त्या एकाच पक्ष्याकडे बघत होती, जो हिशेबात नाही. या गृहस्थांची लेन्स मात्र कामाला आली. तिच्यातून पायातल्या कडीवरचा नंबर वाचता आला. वॉचमननं तो तळहातावर लिहून घेतला. त्याला वाटलं, हा नंबर टाकला की मालकाचं नाव येतं. तो नंबर ब्रीडरच्या कामाचा. मालकाचा पत्ता त्यावर नसतो.

मग कावळे आले. आधी दोन, मग चार, मग कोथरूडचे असतील नसतील तेवढे. आपल्या हद्दीत टिकल्या लावलेला कुणी अनोळखी इसम बसलाय, हे त्यांना खपेना. वैकुंठात किंवा ओंकारेश्वराला पिंड ठेवून, 'अमुक करू, तमुक करू, पण शिव रे बाबा' अशा विनवण्या करत ज्यांच्यासाठी तासतासभर ताटकळावं, त्या कावळ्यांना हाकलायला आमची सोसायटी थाळ्या वाजवत उभी राहिली. कावळे हलले नाहीत. बोलावलेले येत नाहीत आणि हाकललेले जात नाहीत, या एका बाबतीत त्यांचं पितरांपेक्षा जिवंत नातेवाइकांशी अधिक जुळतं.

ते गेले दुसऱ्याच कारणानं. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून एक शिक्रा खाली झेपावला. लहानसा ससाणाच दिसायला, पण त्याच्या एका फेरीनं सगळ्यांची वाचा बसली. कावळे त्याच्या मागे लागले आणि बाग रिकामी झाली. तांबटाचं टुक-टुक बंद. बुलबुल गप्प, शिंजीर गप्प, दयाळ कुठल्या कुठे. फांदीवरचा आमचा पाहुणा अंग चोरून, काठीसारखा सडपातळ होऊन बसला. एरवी या बागेत इतका आवाज असतो, हे तो बंद पडल्यावर पहिल्यांदा लोकांच्या ध्यानात आलं. सगळे इकडेतिकडे बघायला लागले.

"टाइल्सचं काम थांबलं वाटतं," सी विंगमधले गृहस्थ म्हणाले.

शिक्रा गेला. दोनेक मिनिटांनी वरून आवाज आला आणि बागेतली सगळी माणसं झटकन बाजूला झाली. एका बापानं मुलाला उचललं. काकूंनी पदर सावरला आणि मागे वळून पाहिलं. सेक्रेटरी तर 'येऊ द्या, येऊ द्या, बस्स' म्हणाले. मागे गाडी नव्हती. गाडी मागे घेताना जुन्या मोटारींतून जी धून वाजते, ती वरून वाजत होती. स्वच्छ, सुरात, मध्येच तुटून पुन्हा पहिल्यापासून. कॉकटीलचे नर शिळेत पटाईत असतात. जे कानावर पडतं ते उचलतात. फोनची रिंग, कुकरची शिट्टी, दारावरची घंटी. हा ज्या घरातला होता, त्या घराच्या खिडकीखाली रोज कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

वॉचमन हसायला लागला. इथे यायच्या आधी तो शेजारच्या सोसायटीत होता. "ही धून तिथल्या पांढऱ्या गाडीची," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गॅलरीखाली लागते. मधे तुटते ना, ते त्याच गाडीचं. वायर लूज आहे." तीस सुशिक्षित माणसं, एक वकील, एक लेन्स आणि आंतरराष्ट्रीय करार यांना जे जमलं नव्हतं, ते लूज वायरनं केलं.

आजी आल्या त्या गाउनवर ओढणी घेऊन, एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. मागे त्यांच्याकडे कामाला येणारी मुलगी पिंजरा घेऊन. नातवानं बारावीत असताना हट्टानं पक्षी आणला, मग तो एमएस करायला अमेरिकेला गेला आणि कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतो, ही माहिती आजींना त्यानंतर देण्यात आली. गॅलरीला कबुतरांसाठी जाळी होती. त्या जाळीला कबुतरांनीच भोक पाडलं आणि त्यातून हा गेला. मुलीच्या हातातल्या फोनवर व्हिडिओ कॉलवर नातू होता. तिकडे पहाट, डोळे चोळत तो इंग्रजीतून सूचना देत होता आणि इकडे सगळे फोनमध्ये डोकावून त्याला जेवलास का, थंडी आहे का, नोकरी लागली का, असं विचारत होते. त्याला झाड कुणी दाखवलंच नाही.

आजींनी वर पाहिलं आणि डबा खुळखुळवला. आत राळा होता.

"बंड्या, पुरे झाली नाटकं. खाली ये."

तुरा किंचित खाली आला. बंड्या एक फांदी उतरला. मग दुसरी. मग तिथून थेट खाली बघून, नाही जमणार असं ठरवून, परत वर. आजींनी डबा पुन्हा वाजवला आणि तोंडानं तीच धून चुकीच्या सुरात म्हटली. हे त्याला सहन झालं नसावं. त्यानं पंख उघडले, बागेवर एक मोठी, वाकडीतिकडी, कुठेही उतरता न येणारी फेरी मारली आणि समोर जे सर्वांत मोकळं, सपाट आणि चकचकीत दिसलं त्यावर उतरला. ते प्राध्यापकांचं टक्कल होतं.

प्राध्यापक पुतळा झाले. मुक्तीबद्दल त्यांना जे काही म्हणायचं होतं, ते डोक्यावर नखं रुतलेल्या अवस्थेत म्हणणं शक्य नव्हतं. आजींनी हात वर करून बोट पुढे केलं, बंड्या त्यावर चढला, डब्यात डोकं घातलं आणि सगळ्या सोसायटीकडे पाठ करून खायला लागला. 'त्यानं मला निवडलं,' असं प्राध्यापक तेव्हापासून सांगत असतात; टकलावर नखं लागल्याची खूण होती ती आता बुजली आहे.

गर्दी ओसरली. मिरच्या काकूंनी गोळा करून नेल्या. उंबरावर हरियाल येऊन बसले होते, त्यांच्याखालून सगळे ग्रुपवर फोटो टाकत टाकत घरी गेले. पक्षिनिरीक्षकांनी तेवढी लेन्स वर केली.

आजी गेटपाशी पोहोचल्या तेव्हा वॉचमननं त्यांना थांबवलं. बाहेरची व्यक्ती सामान घेऊन जात असेल तर नोंद करायची, असा आमच्या सोसायटीचा कडक नियम आहे आणि सेक्रेटरी मागेच उभे होते. रजिस्टर उघडलं गेलं. नाव: बंड्या. कुठून आले: वरून. कुणाकडे: बाग. कामाचं स्वरूप: यावर त्यानं बराच विचार केला आणि 'पर्सनल' लिहिलं. वाहन क्रमांकाच्या रकान्यात तळहातावर बघून पायातल्या कडीचा नंबर घातला. सहीसाठी रजिस्टर पिंजऱ्याजवळ नेलं, तेव्हा बंड्यानं गजांतून चोच काढली आणि पानाचा कोपरा टर्रकन तोडून घेतला. वॉचमननं तीच सही धरली, जाण्याची वेळ टाकली आणि गेट उघडलं.